ट्यूनरच्या संवेदनशीलतेचे आकडे कितपत उपयोगाचे?

व्योमतरंग (धागाकर्ता):
दूरचे टीव्ही केंद्र अँटेनाने पकडू पाहणारे बहुतेक जण सर्वांत संवेदनशील ट्यूनर (अँटेनाच्या सिग्नलमधून हवे ते चॅनेल निवडणारा भाग) कोणता, म्हणजे किती कमकुवत सिग्नलवरही चित्र देणारा कोणता, हेच आधी विचारतात. माझ्या मते या आकड्याला नको इतके महत्त्व दिले जाते. ६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये उष्णतेमुळे येणारा नॉइज (सिग्नलमध्ये मिसळणारी खरखर) सुमारे उणे १०६ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली ताकद) असतो. अमेरिकेतील एटीएससी १.० या डिजिटल टीव्ही प्रक्षेपणाच्या पद्धतीत चित्र दिसायला सिग्नल त्याच्या सुमारे १५ डेसिबल वर लागतो. आणि ट्यूनरची नॉइज फिगर, म्हणजे त्याने स्वतः घातलेल्या नॉइजचे माप, ७ डेसिबल धरली, तर मर्यादा उणे ८४ डीबीएमच्या आसपास येते. पहिले दोन आकडे कोणत्याच कंपनीच्या हातात नाहीत. नॉइज फिगर ४ पर्यंत खाली आणली तरी पदरात पडतात ते ३ डेसिबल, आणि यूएचएफवर (टीव्हीच्या वरच्या फ्रीक्वेन्सींवर) ३० मीटर आरजी-६ ही नेहमीची अँटेना केबल त्याहून जास्त खाऊन टाकते.

सीमावर्ती:
असहमत. डिजिटल चित्र अ‍ॅनालॉगसारखे हळूहळू बिघडत नाही. मर्यादेच्या वर ते स्वच्छ असते, आणि एखाद्या डेसिबलने खाली घसरले की चौकोन पडून थिजते. संध्याकाळी सिग्नल थोडा उतरला की ज्याचे चॅनेल जाते, त्याच्यासाठी ते ३ डेसिबल म्हणजेच सर्व काही.

व्योमतरंग:
ते ३ डेसिबल अँटेनापाशीच मिळवा, एवढेच माझे म्हणणे आहे. साखळीत पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरचाच नॉइज निर्णायक ठरतो. अँटेनाच्या खांबावर २ डेसिबल नॉइज फिगरचा आणि १५ डेसिबल गेनचा (सिग्नल तेवढा वाढवणारा) अ‍ॅम्प्लिफायर बसवला आणि केबलमध्ये ५ डेसिबल गेले असे धरले, तर ७ डेसिबलच्या ट्यूनरसह संपूर्ण व्यवस्थेची नॉइज फिगर सुमारे ३.१ येते आणि ४ च्या ट्यूनरसह सुमारे २.६. महागड्या ट्यूनरचा फायदा अर्ध्या डेसिबलवर येतो.

प्रतिध्वनी:
दोघांचेही गणित बरोबर आहे, पण ते निर्मळ सिग्नलचे आहे. जवळ एखादे शक्तिशाली केंद्र असेल, तर तोच अ‍ॅम्प्लिफायर ओव्हरलोड होऊन स्वतःच नवा कचरा तयार करतो आणि कमकुवत चॅनेल त्यात बुडते. शिवाय इमारतींवरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचणारा सिग्नल ट्यूनरमधल्या इक्वलायझरला (असे प्रतिध्वनी काढून टाकणाऱ्या भागाला) निस्तरावा लागतो, आणि इक्वलायझर दुबळा असेल तर १५ डेसिबल पुरत नाहीत. जुने ट्यूनर नेमके येथे मार खात असत, त्यांची संवेदनशीलता चांगली असूनही.

सीमावर्ती:
म्हणूनच तुलना मोजून करावी. पडद्यावर दिसणारे सिग्नलचे टक्के प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने काढते, त्यांची आपसात तुलना होत नाही. एकाच अँटेनाचा सिग्नल अ‍ॅटेन्युएटरमधून (सिग्नल ठरावीक मापाने कमी करणाऱ्या उपकरणातून) आळीपाळीने दोन्ही ट्यूनरना द्यावा, एकेक डेसिबल कमी करत जावे आणि चित्र कुठे तुटते ते टिपावे. सिग्नल डोलत असतो, म्हणून हे अनेकदा करावे. एका निर्मळ चॅनेलवर आणि एका परावर्तनग्रस्त चॅनेलवर विजेता वेगळा निघाला, तर प्रतिध्वनी यांचा मुद्दा मी मान्य करीन.