व्हिक्टोरियन लंडनमध्ये बेघर स्त्रियांना रात्री आसरा कोण देत असे?

प्रश्न : नमस्कार. पुणे स्टेशनबाहेर मध्यरात्री पोतं अंथरून, चपला उशाखाली घेऊन निजलेल्या एका आजींना पाहिल्यापासून हा प्रश्न मनातून जात नाही. लंडनमध्ये सरकारी वर्कहाउस (निराधारांना कामाच्या बदल्यात अन्न-निवारा देणाऱ्या संस्था) असताना धर्मादाय निवाऱ्यांची गरज का भासली?

उत्तर १ : वर्कहाउसच्या कॅज्युअल वॉर्डातला, म्हणजे एक-दोन रात्रींपुरत्या येणाऱ्या बेघरांच्या विभागातला, आसरा फुकट नव्हता. मोबदल्यात बायकांना जहाजांचे जुने, डांबराने कडक झालेले दोर बोटांनी उकलून पिंजावे लागत, आणि १८८२ च्या कायद्यानंतर दुसऱ्या रात्रीनंतरच सकाळी ९ वाजता सुटका होई, त्यामुळे काम शोधू पाहणारीचा अख्खा दिवस बुडे. म्हणूनच फादर डॅनियल गिल्बर्ट यांनी सिस्टर्स ऑफ मर्सी या कॅथलिक नन्सच्या संघाच्या साहाय्याने १८६० मध्ये लंडनमध्ये सुरू केलेला ‘प्रॉव्हिडन्स रो’चा रात्रनिवारा मला मोलाचा वाटतो : चालवणारे कॅथलिक, पण दारात आलेलीला धर्मावरून परत पाठवायचे नाही, हा तिथला नेम होता.

उत्तर २ : याच काळात, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तो रात्रनिवारा नव्हता, हे खरे. गरोदर विधवांना गुप्तपणे बाळंत होता यावे, यासाठी ते होते. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला, आणि माझ्या मते आसऱ्याची खरी ओळख इथे पटते, कारण लंडनचा निवारा रात्र काढून देत होता, इथे मात्र मुलाला घर मिळाले.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. दोर पिंजण्याविषयी आणखी वाचायला आवडेल.