मदत हवी आहे : प्रतिसरकारच्या कॉमिकसाठी १९४३ ची रेल्वे

मंडळी, मी पलूस भागातला, २४ पानी ब्लॅक अँड व्हाइट कॉमिक करतोय, विषय आपलं सातारचं प्रतिसरकार (१९४३-४६), म्हणजे इंग्रजांविरुद्ध गावोगाव चालवलेलं आपलं समांतर सरकार. पण नाना पाटील, जी. डी. बापू (लाड) हे त्यातले पुढारी मागे दिसतील, गोष्ट सांगणार एक बाई, जी वैरणीच्या भाऱ्यात भाकरी आणि निरोप लपवून शिवारात पोचवायची. पुतळे सगळीकडं आहेत, हिचा फोटो कुठंच नाही म्हणून हा खटाटोप.

अडलंय ते ७ जून १९४३ च्या शेणोलीच्या पे-ट्रेनपाशी, म्हणजे प्रतिसरकारवाल्यांनी लुटलेल्या पगाराच्या गाडीपाशी. पुणे-मिरज लाईन तेव्हा मीटरगेज (ब्रॉडगेजपेक्षा अरुंद रुळांची) होती एवढं माहितीय, पण नेटवर शोधलं की ब्रॉडगेजचीच इंजिनं येतात, एआयला सांगितलं तर त्यानं विलायती डबा काढला आणि आमच्या बाईला गोल साडी नेसवली! वाचनालयात गॅझेटिअर चाळून झालं, चित्र एकही नाही. शेणोलीला जाऊन आलो, स्टेशन आता वेगळंच दिसतं.

सिनेमातले फोटो नकोत, कॉपीराइटची भानगड होते. कुणाच्या घरी रेल्वेत असलेल्या आज्याचा जुना फोटो असेल तर मोबाईलवर काढून पाठवला तरी चालेल, नाव छापणार नाही. तर त्या काळच्या मीटरगेज डब्याचं दार नेमकं कसं होतं, सरकतं का बाहेर उघडणारं, आणि पायरी जमिनीपासून किती उंच?