मदत हवी आहे: शालेय ग्रंथालयासाठी किती कर्मचारी मागावेत?

नमस्कार. फोंडा तालुक्यातील एका अनुदानित विद्यालयात मी ग्रंथपाल आहे. पाचवी ते बारावीपर्यंत सुमारे नऊशे विद्यार्थी आहेत आणि त्यांच्यासाठी मी एकटीच. कोणी शिक्षक रजेवर असले की बदली तासाला मलाच वर्गावर पाठवतात. मग ग्रंथालयाला कुलूप लागते आणि मधल्या सुट्टीत मुले दाराशी येऊन परत जातात. जूनमध्ये आलेल्या पुस्तकांचे दोन गठ्ठे अजून दाखल नोंदवहीत चढलेले नाहीत; पावसाच्या दमटपणाने वरच्या काही पुस्तकांना बुरशीही धरली.

व्यवस्थापनाकडे साहाय्यकाची मागणी करायची आहे, पण आधार कशाचा घ्यावा, हा प्रश्न आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. मात्र सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवणारी तीच अनुसूची ग्रंथपालाविषयी काहीच सांगत नाही. पुस्तके आपोआप कपाटाबाहेर येतात, असा बहुधा समज असावा.

आपल्या शाळेत विद्यार्थिसंख्येनुसार ग्रंथपाल, साहाय्यक व शिपाई अशी किती पदे मंजूर आहेत, आणि ती कोणत्या आदेशान्वये, हे कृपया कळवावे. पद मिळाले नसले तरी बदली तासांतून सुटका करून घेतलेल्या कोणी आपल्या अर्जाचा मसुदा दिल्यास फार उपयोग होईल. व्यवस्थापन समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.