मदत हवी आहे : सिरपवर ४५७ऐवजी २२८.५ लिहिलंय, ३ मिलीच द्यायचं का?

मुलगी तीन वर्षांची, वजन १२ किलो. उजवा कान ठणकत होता, ताप होता, मग कानातून पू यायला लागला म्हणून बेळगावला बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी अमॉक्सिसिलीन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं ड्राय सिरप लिहून दिलं. चिठ्ठीवर '४५७, ३ मिली, सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस' असं आहे. औषध मात्र खानापुरात घेतलं, जांबोटीची बस सुटायच्या घाईत. मेडिकलवाल्याने दोन बाटल्या दिल्या आणि "तेच औषध आहे, कंपनी तेवढी वेगळी" म्हणाला. घरी येऊन बघते तर बाटलीवर २२८.५.

काल रात्री ३ मिली पाजलंय. सासूबाई म्हणतात, डॉक्टरांनी ३ लिहिलंय तर ३च दे. हे म्हणतात, पावर अर्धी आहे तर दुप्पट दे. दवाखान्याचा फोन दहाशिवाय कुणी उचलत नाही. तोवर सकाळचा डोस थांबवू का? आणि इकडं पावसात एकदा लाइट गेली की कधी येईल नेम नाही. पाणी घातलेलं सिरप फ्रीजबाहेर राहिलं तर चालतं का?

निपाणीकर : ३च द्या. ॲंटिबायोटिक जास्त झालं की पोरं गळून जातात. आम्ही तर ताप उतरला की तिसऱ्या दिवशी बंदच करतो.

शहापूरची औषधवाली : निपाणीकर दादा, तुमच्या पोराचं राहू दे, इथं कान फुटलेला आहे. ताप उतरला म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करायचं नाही.

ताई, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. ४५७ म्हणजे ५ मिलीत ४०० मिग्रॅ अमॉक्सिसिलीन आणि ५७ मिग्रॅ क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. २२८.५ म्हणजे २०० आणि २८.५, दोन्ही बरोबर निम्मं. डॉक्टर मिलीत लिहितात, पण हिशेब वजनावर आणि मिग्रॅमध्ये करतात. ४५७चं ३ मिली म्हणजे २४० मिग्रॅ अमॉक्सिसिलीन, दोन वेळचं ४८०, म्हणजे किलोला दिवसाचं ४०. तुमच्याकडच्या बाटलीतून ३ मिली दिलं की पोरीच्या पोटात १२० मिग्रॅच जातं. चिठ्ठीतलं २४० मिग्रॅच द्यायचं तर ६ मिली लागेल. गणित तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. पण माझ्या किंवा त्यांच्या गणितावर पाजू नका, डॉक्टरांकडून आकडा वदवून घ्या. कानासाठी काही डॉक्टर मुद्दाम किलोला ८०-९० पर्यंत अमॉक्सिसिलीन देतात, काही कमी ठेवतात. ते कान बघितलेल्यालाच ठरवू दे. दहापर्यंत थांबलात तर काही बिघडत नाही. रात्रीची तूट म्हणून जादा डोस मात्र घालू नका.

बाटल्याही मोजा. दिवसाला १२ मिलीप्रमाणे ७ दिवसांना ८४ मिली. ३० मिलीच्या दोन बाटल्या पाचव्या दिवशीच संपतील. दुसऱ्या बाटलीत आताच पाणी घालू नका, कारण एकदा कालवलेलं हे सिरप फ्रीजमध्ये ठेवूनसुद्धा ७ दिवसांच्या वर वापरत नाहीत.

लाइट गेली तर फ्रीज उघडूच नका, काही तास थंडावा टिकतो. फारच लांबलं तर थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, गोठू देऊ नका. उघड्यावर दिवसभर राहिलेली बाटली टाकून द्या.

मोठ्यांच्या गोळ्यांत तर हे दुप्पट-निम्मंही जमत नाही. ६२५ मध्ये ५०० आणि १२५, ३७५ मध्ये २५० आणि १२५. दोन ३७५ घेऊन ६२५ झाली असं समजणारे काउंटरवर रोज भेटतात. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड दुप्पट जातं आणि मग पोट धरून बसतात.

हलशीची आई : पाजता कशानं? आमच्याकडं चहाचा चमचा वापरायचे, कधी काठोकाठ, कधी अर्धा.

शहापूरची औषधवाली : चमचा नकोच. बिनसुईची ५ मिलीची सिरिंज मेडिकलमध्ये मिळते. ६ मिली असलं तर दोनदा भरायची. प्रत्येक वेळी बाटली हलवा आणि गालाच्या आत हळूहळू सोडा, घशात एकदम नाही. जेवणाच्या सुरुवातीला दिलं की पोटाला कमी लागतं. शी थोडी पातळ होतेच. अंगावर पित्त उठलं तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करा. ओठ-चेहरा सुजला किंवा धाप लागली तर मात्र १०८ बोलवा. कानामागं सूज येऊन कान पुढं आलेला दिसला तरी थांबायचं नाही, थेट दवाखाना.

धागाकर्ती : फोन लागला. डॉक्टर म्हणाले, ही बाटली आहे तोवर ६ मिली, रात्रीच्याची भरपाई नको. बदलून मिळाली तर ४५७ घ्या आणि मग परत ३ मिली. मेडिकलवाला न उघडलेली बाटली परत घ्यायला तयार आहे, संध्याकाळच्या बसनं ४५७ पाठवतो म्हणाला.

शहापूरची औषधवाली : मग नवी कालवण्याआधी जुनी फ्रीजमधून काढून टाका. दोन्ही शेजारी राहिल्या तर सासूबाई नव्या बाटलीतलं ६ मिली पाजतील.