पूर्व द्रुतगती मार्गावर ‘तीन माणसं’ लेन : करावी की नको?

मुलुंडकर : सकाळी ८ ते ११, ठाण्याकडून सायनला जाणारी सर्वांत उजवी लेन बस आणि तीन किंवा जास्त माणसांच्या कारना राखून ठेवावी, या मताचा मी आहे. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०६ क्रमांकाच्या संहितेत, वाहन रस्त्याची किती जागा अडवतं हे मोजताना कार १ एकक धरतात, बस २.२ ते ३.७. चाळीस जणांची बस ३.७ धरली तरी एककामागे जवळजवळ ११ माणसं. एकट्याच्या कारचं काय?

आडवाप्रश्न : जकार्ताने करून पाहिलंय हे. १९९२ पासून तिथल्या सुदिरमन-थामरिन या मुख्य रस्त्यांच्या पट्ट्यात गर्दीच्या वेळी कारमध्ये तीन माणसं सक्तीची. मग रस्त्याकडेला ‘जोकी’ उभे राहू लागले, पैसे घेऊन गाडीत बसणारे. कडेवर बाळ असेल तर एकाच फेरीत दोन डोकी भरली! २०१६ मध्ये नियम गुंडाळावा लागला. आपल्याकडे तर हा धंदा आठवड्याभरात जमेल.

मुलुंडकर : पुढचंही सांगा ना. गूगल मॅप्सवरून केलेल्या अभ्यासात, नियम उठल्यावर सकाळचा उशीर किलोमीटरमागे २.१ मिनिटांवरून ३.१ वर गेला, संध्याकाळचा २.८ वरून ५.३ वर. ज्या रस्त्यांना नियम लागूच नव्हता तिथेही कोंडी वाढली. म्हणजे जोकी धरूनही फायदा होत होता.

गणिती : आधी ठरवा, ड्रायव्हर धरायचा का? अमेरिकेतल्या व्हर्जिनियात शर्ली महामार्गाच्या राखीव लेनमध्ये १९७३ पासून चार माणसांच्या कारना मुभा होती, १९८९ पासून तिघांच्या. तिथे चालवणारा स्वतःच कामावर निघालेला असतो. मुंबईत मागे साहेब, पुढे पगारी ड्रायव्हर : डोकी दोन, प्रवासी एक. रस्त्यावर गाडीतली माणसं मोजायच्या तक्त्यात १, २, ३, ४, ५+ हे रकाने असतातच, त्याशेजारी ‘पुढची डावी सीट रिकामी, मागे माणूस’ असा एक हवा. ड्रायव्हरची गाडी आणि टॅक्सी बहुतेक त्यातच सापडते.

आणि सरासरी कुणाची, तेही सांगा. १० कार घ्या : सातांत एकेक, दोनांत दोन-दोन, एकीत चार. माणसं १५, म्हणजे कारमागे १.५. पण याच १५ जणांना ‘तुमच्या गाडीत किती होते?’ विचारलंत तर उत्तरांची सरासरी २ च्या वर जाते, कारण भरलेल्या गाडीबद्दल चौघं बोलतात. घरोघरी विचारलेला आकडा रस्त्यावरच्या मोजणीशी ताडून बघणारे इथेच फसतात.

आडवाप्रश्न : आणि पकडणार कसं? बाजूच्या काचेतून ५० टक्केच उजेड आत आला तरी नियमात बसतं. मागे आडवं झोपलेलं पोर धावत्या गाडीत दिसत नाही. सिग्नलला उभं राहून, लेनमागे एक माणूस लावून, पंधरा-पंधरा मिनिटांचे तक्ते भरले तर मोजणी जमते. दंड करायला गाडी थांबवावी लागते, आणि थांबवली की तीच लेन तुंबते.

मुलुंडकर : मग फक्त बसपुरती ठेवा. बस लांबूनही ओळखू येते.

आडवाप्रश्न : उजव्या लेनमधली बस डाव्या कडेच्या थांब्यावर नेणार कशी? दर थांब्याला सगळ्या लेन कापत?