दुसरं कार्ड नको, आहे ते विका
निपाणीचे दादा, जरा थांबा. तुमच्याकडं जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे आणि बेळगावात तसलंच जुनं स्वस्तात मिळतंय, म्हणून जोडी लावायचा विचार करताय. पण १०६० ला एसएलआय, म्हणजे दोन कार्डं जोडून एकत्र चालवायची एनव्हिडियाची सोय, नाहीच! कार्डाच्या वरच्या कडेला दोन कार्डं जोडणारा ब्रिज बसवायच्या सोनेरी पट्ट्या शोधा, सापडणार नाहीत. एसएलआय चालणारं १०७० असतं तरी दोन कार्डांची ८ आणि ८ जीबी मेमरी मिळून गेमला १६ जीबी मिळत नाही. दोन्ही कार्डांत तोच डेटा भरला जातो. शिवाय २०२१ पासून एनव्हिडियानं नवीन एसएलआय प्रोफाइल (एखादा गेम दोन कार्डांवर चालवायची ड्रायव्हरमधली सेटिंग) देणंच बंद केलंय. जुनं विका, वर थोडे पैसे घाला, एकच दमदार कार्ड घ्या. हो, आणि एसएमपीएसचे (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचे) वॅट आधी बघा. आमच्या खानापूरकडं पावसाळ्यात लाईट सारखी ये-जा करते, तिथं हलका एसएमपीएस टिकत नाही.