जुने दिग्गज आणि आजचे: स्नूकरमध्ये तुलना करायची तरी कशी?

खडू: जो डेव्हिसची जागतिक विजेतेपदं 15. हेंड्री आणि ओसलिव्हनची सात-सात, रिअर्डन आणि स्टीव्ह डेव्हिसची सहा-सहा. नुसते आकडे धरले तर वाद तिथेच संपतो. पण परवा 1980च्या आसपासच्या लढती बघत होतो, तर शेजारी बसलेला पोरगा म्हणाला, “हे आज पात्रता फेरीतच गारद होतील.” मला उत्तर सुचेना. सेंच्युरी (एका खेपेत शंभर किंवा जास्त गुण) क्वचित, सेफ्टीवर सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा फटका मिळू नये असं खेळणं. खेळाडू कच्चे होते की टेबलच तसं होतं?

कापडवाला: टेबलांना कापड चढवणं हेच माझं काम, त्यामुळे माझी नजर आधी टेबलावर जाते. तेव्हाचं कापड जाड, लव दाट. आजचं पातळ, लव जेमतेम, आणि मोठ्या स्पर्धांत स्लेटखाली हीटर, म्हणजे कापड दमट होत नाही. आज निळा चेंडू पॉट करता करता (पॉकेटात टाकता टाकता) पांढरा, म्हणजे क्यूनं मारायचा चेंडू, लालांच्या गठ्ठ्यात घुसवता येतो. जाड कापडावर तेच करायला क्यू दणकून चालवावा लागतो, आणि जोर वाढला की पॉट हुकतो. त्यात दाट लवेवर मधल्या पॉकेटकडे हळू सोडलेला चेंडू चांगलाच काळ्या चेंडूच्या बाजूला ओढला जातो. चेंडूही बदलले: आधी क्रिस्टलेट, मग सुपर क्रिस्टलेट, आता अ‍ॅरामिथ. अशा टेबलावर कडेचे तीन-चार लाल टिपून पुन्हा सेफ्टीला जाणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, शुद्ध हिशेब.

पॉकेटचं मात्र “पूर्वी अवघड, आता सोपं” असं सरळ नाही. 1979 मध्ये जॉन स्पेन्सरनं स्पर्धेत 147 (एका खेपेत होणारे जास्तीत जास्त गुण) केला, पण पॉकेट्स मापापेक्षा मोठी असल्यामुळे तो अधिकृत धरला गेला नाही. (शिवाय कॅमेरावाले नेमके तेव्हा जागेवर नव्हते!) टीव्हीवरचा पहिला अधिकृत 147 स्टीव्ह डेव्हिसचा, 1982 मध्ये, आणि समोर बसला होता हाच स्पेन्सर.

शेवटचा काळा: म्हणजे हेंड्रीच्या 775हून जास्त सेंच्युरी टेबलाच्या कृपेनं? कमाल आहे.

कापडवाला: असं कुठे म्हटलं? टेबल सोपं झालं ते समोरच्यासाठीही. म्हणून मी एवढंच बघतो, की त्याच टेबलावर तो इतरांच्या किती पुढे होता. हेंड्रीनं 1992 ते 1996 सलग पाच जागतिक विजेतेपदं घेतली. स्टीव्ह डेव्हिस 1981 ते 1989 या नऊ वर्षांत आठ वेळा अंतिम फेरीत, आणि त्याला लोक कंटाळवाणा म्हणून मोकळे होतात. जो डेव्हिस जागतिक स्पर्धेत कधी हरलाच नाही, पण 1931 मध्ये प्रवेश घेणारे दोनच होते, तो आणि टॉम डेनिस. त्यातही निकाल 25-21. त्या पंधरांचं वजन मी कमीच धरतो.

खडू: मग तुमचा नंबर एक कोण?

कापडवाला: ओसलिव्हन. वेगासाठी नाही. पहिलं जागतिक विजेतेपद 2001, सातवं 2022, तेही 46व्या वर्षी. रिअर्डन 1978 मध्ये 45चा असताना जिंकला होता, तो विक्रम मोडला. एवढ्या काळात समोरचे बदलले, तरी 2022च्या अंतिम सामन्यात जड ट्रम्प या खेळाडूला 18-13 हरवलं.

शेवटचा काळा: जो डेव्हिसच्या दमाचं काय? 1946चा अंतिम सामना 145 फ्रेम्सचा (डावांचा), 78-67. आज 35 फ्रेम्स, दोन दिवसांत आटोपतं.

कापडवाला: दम मान्य. 73 फ्रेम्स जिंकल्या तेव्हाच सामना खिशात, तरी उरलेल्या सगळ्या खेळले. आणखी एक: त्यानं 1955 मध्ये 147 केला, पण फाउलनंतर प्रतिस्पर्ध्याला पुन्हा खेळायला लावता येईल या नियमाखाली. तो नियम तेव्हा संघटनेला मंजूर नव्हता, म्हणून मान्यता मिळायला 1957 उजाडलं. आज तोच नियम सगळीकडे चालतो. तुमच्या पोराला जुन्या लढती दाखवताना हेही सांगा, आणि पांढरा कुठे थांबतोय ते बघायला लावा.